नकारावर सही कोणाची?

मेडिक्लेम नाकारल्याचं पत्र येतं तेव्हा त्यावर कुठल्याच माणसाचं नाव नसतं. वर कंपनीचं बोधचिन्ह, मग पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, आजाराचं नाव आणि खाली दोन-तीन ओळींत निकाल. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे पत्र संगणकावर तयार झालं आहे, त्यामुळे सहीची गरज नाही. कागद कोणी तपासले, तो माणूस डॉक्टर होता का, असला तर कशातला, त्याने केस पेपर पूर्ण वाचले की नुसती डिस्चार्ज समरी पाहिली, यातलं काहीही त्या पत्रात सापडत नाही. अशी बरीच पत्रं आता माझ्या हाताखालून गेली आहेत. पैसे नाकारल्याचा राग येतोच, पण त्याही आधी या निनावीपणाचा येतो.

पहिलं पत्र आत्याचं होतं. आत्या बडोद्यात, बाबाजीपुऱ्यात एकटी राहते. वय 68, एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त. रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षांची, आणि मेडिक्लेमही तितकाच जुना. काका असताना दोघांनी मिळून घेतलेला, काका गेल्यावर तिने एकटीने चालू ठेवलेला. हप्त्याची तारीख तिच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते. ऑक्टोबरच्या उन्हात तिचं पोट बिघडलं, खाणं सुटलं, गोळी मात्र नेमाने चालू राहिली. एका सकाळी शेजारच्या बेनचा फोन आला, "तमारां फोई आडुंअवळुं बोले छे, जल्दी आवो." (तुमची आत्या काहीतरी भलतंच बोलते आहे, लवकर या.) आम्ही पोचलो तेव्हा आत्या मला माझ्या आईच्या नावाने हाक मारत होती आणि शाळेची घंटा झाली का, असं विचारत होती.

रावपुऱ्याजवळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासलं. सोडियम 118. निरोगी माणसाचं 135 ते 145 असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे मीठ बाहेर टाकतात. त्यात जुलाब झाले, जेवण थांबलं, की म्हाताऱ्या माणसाचं सोडियम झपाट्याने उतरतं. मग भ्रम होतो, झटके येतात, माणूस बेशुद्धही पडतो. आम्हाला वाटलं, सलाइनमधून मीठ दिलं की झालं. डॉक्टरांनी बसवून समजावलं की खरी जोखीम पुढेच आहे. सोडियम घाईने वर चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून 24 तासांत 8 ते 10 अंकांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही, दर काही तासांनी रक्त काढायचं, आकडा बघायचा आणि त्याप्रमाणे सलाइनचा वेग कमी-जास्त करायचा. रात्री दोन वाजतासुद्धा रक्त घेतलं जात होतं. आत्याचे दोन्ही हात काळेनिळे झाले होते.

कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देण्याची सोय, मिळाली नाही. काउंटरवरची मुलगी दिवसभर तेच सांगत राहिली, "बेन, क्वेरी आवी छे." आधी जुन्या तपासण्यांचे कागद मागितले, मग बीपी कधीपासून आहे याचं डॉक्टरांचं पत्र, मग पहिल्याच कागदाची जास्त स्पष्ट प्रत. शेवटी बिल भरून आत्याला घरी आणलं आणि रिइम्बर्समेंटची, म्हणजे भरलेले पैसे परत मागण्याची, फाइल दिली. काही आठवड्यांनी पत्र आलं, की ही भरती प्रामुख्याने तपासणी आणि मूल्यमापनासाठी होती, सबब एक्स्क्लूजन कोड 04 खाली क्लेम देय नाही.

हा कोड खरा आहे. आयआरडीएआय, म्हणजे विमा नियामक, यांनी 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी वगळलेल्या बाबींची भाषा एकसारखी केली. 01 म्हणजे आधीपासूनचा आजार, 02 ठरावीक आजारांची प्रतीक्षा, 03 पहिले 30 दिवस आणि 04 निव्वळ तपासणीसाठीची भरती. नियमामागचा हेतूही रास्त आहे. कोणी नुसतं संपूर्ण चेकअप करून घ्यायला चार दिवस खाट अडवली, तर त्याचा भार बाकीच्या हप्ता भरणाऱ्यांवर पडतो. पण आत्याच्या बिलात रक्ततपासण्यांच्या ओळी जास्त आणि औषधांच्या ओळी कमी होत्या, कारण तिच्या आजारात रक्त तपासत राहणं हाच उपचार होता. औषध म्हणाल तर मीठ. सोडियमचा आजार ज्याने वॉर्डात एकदाही हाताळला असेल असा डॉक्टर ते केस पेपर वाचून '04' लिहील, हे मला पटत नाही. आणि डॉक्टर नसलेल्या कोणी ते लिहिलं असेल, तर ते कोणत्या अधिकाराने?

माझा चुलतभाऊ विमा कंपनीच्या क्लेम खात्यात बरीच वर्षं काढलेला माणूस आहे. त्याच्याशी मी या विषयावर अनेकदा भांडले आहे, आणि त्याचं म्हणणं इथे नीट मांडणं मला आवश्यक वाटतं. तो म्हणतो, तू आत्याची फाइल पाहिलीस, मी हजारो पाहिल्या आहेत. भरती न झालेल्या माणसांची बिलं येतात. एकाच लॅबचे, एकाच अक्षरातले, एकच आकडा असलेले रिपोर्ट येतात. साध्या तापाला डेंग्यू करून आणतात. तो खोटं बोलत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये अहमदाबादेत काय झालं ते गुजरातेत सगळ्यांनी वाचलं आहे. कडी तालुक्यातल्या एका गावात मोफत शिबिर भरवून माणसं शहरातल्या खाजगी हॉस्पिटलात आणली, आयुष्मान योजनेच्या पैशासाठी त्यांच्यावर अँजिओप्लास्टी केल्या, आणि दोन माणसं गेली. हे ज्याने वाचलं त्याला कागद तपासणारा माणूस नकोच असं म्हणता येणार नाही. मीही तसं म्हणत नाही. तपासणाऱ्याने आपलं नाव लिहावं, एवढंच माझं म्हणणं आहे. लबाडी पकडणाऱ्याला नाव लपवायचं कारण नाही. आत्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक केस पेपरच्या प्रत्येक पानावर आहे. त्यांच्या निर्णयावर जो काट मारतो त्याने तेवढीच जबाबदारी घ्यावी.

आपल्याकडे नियम नाहीत असं मला आधी वाटायचं. वाचायला घेतल्यावर कळलं की नियम आहेत, आणि बरेच चांगले आहेत. 29 मे 2024 ला नियामकाने आरोग्य विम्यावर एक सविस्तर परिपत्रक काढलं. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि कंपनीच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून जायचे. उपचार चालू असताना पेशंट दगावला तर क्लेम ताबडतोब मार्गी लावायचा, नातेवाइकांना मृतदेहासाठी ताटकळत ठेवायचं नाही. कागदपत्रं पेशंटकडे मागायची नाहीत, कंपनीने किंवा टीपीएने, म्हणजे कंपनीसाठी क्लेमचं काम बघणाऱ्या मध्यस्थ संस्थेने, ती हॉस्पिटलकडून घ्यायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलाही क्लेम कंपनीच्या तीन सदस्यांच्या क्लेम रिव्ह्यू समितीच्या किंवा तिच्या वरच्या समितीच्या मंजुरीशिवाय नाकारायचा नाही, आणि पूर्ण किंवा अंशतः नाकारलाच तर पॉलिसीच्या नेमक्या कुठल्या अटीखाली, ते पत्रात लिहायचं. टीपीएला तर स्वतःहून क्लेम नाकारण्याचा अधिकारच नाही, हा नियम 2016 चा.

म्हणजे कागदावर आत्याचा क्लेम एका समितीने बसून नाकारला आहे. ती समिती कधी बसली, आत्याच्या फाइलवर त्यांनी काय लिहिलं, हे मी कंपनीला विचारलं. हे अंतर्गत कामकाज आहे, असं उत्तर आलं. त्यावरही सही नव्हती.

बडोद्याच्याच ग्राहक आयोगाचा एक निकाल मला या सगळ्यात फार मोलाचा वाटतो. मार्च 2023 मधला आहे. इथल्या एका गृहस्थांच्या पत्नीवर 2016 मध्ये अहमदाबादच्या हॉस्पिटलात उपचार झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. 24 तास सलग भरती नव्हती म्हणून विमा कंपनीने क्लेम नाकारला. रक्कम 44,468 रुपये. त्या गृहस्थांनी पिच्छा सोडला नाही. आयोगाने व्याजासह पैसे द्यायला लावले आणि जे म्हटलं त्याचा आशय असा, की आता नवी औषधं, नवी तंत्रं आली आहेत, पूर्वी ज्याला दिवस लागायचे ते काही तासांत होतं. पेशंटला भरती करायची की नाही, किती वेळ ठेवायचं, हे डॉक्टर ठरवणार, विमा कंपनी नाही. एवढ्या रकमेसाठी माणूस इतकी वर्षं लढला, याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो. पण माझं लक्ष तारखांवर जातं. 2016 चा आजार, 2023 चा न्याय. तेवढ्या काळात किती जणांनी तसलीच पत्रं घडी घालून कपाटात ठेवली असतील.

कारण बहुतेक जण तेच करतात. 2023-24 मध्ये देशभरात सुमारे 1.17 लाख कोटी रुपयांचे आरोग्य विम्याचे क्लेम होते. त्यातले 83,493 कोटी दिले गेले. पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून जवळपास 15,100 कोटी अमान्य झाले, म्हणजे 12.9 टक्के. हे आकडे नियामकाच्याच वार्षिक अहवालातले आहेत. त्या 15,100 कोटींत लबाडी किती आणि आत्या किती, हे त्या अहवालातून कळायला मार्ग नाही.

अमेरिकेत हा वाद आपल्यापेक्षा कितीतरी जुना आणि कडवट आहे. तिथल्या 2010 च्या आरोग्य विम्याच्या कायद्याने बरंच काही बदललं. 2014 पासून जुन्या आजारासाठी विमा नाकारता येत नाही, आणि नाकारलेल्या क्लेमवर कंपनीच्या बाहेरच्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क मिळाला. तरीही सरकारी पोर्टलवरून विकल्या जाणाऱ्या विम्यात 2023 साली कंपन्यांनी आपल्याच नेटवर्कमधल्या हॉस्पिटलांचे 19 टक्के क्लेम नाकारले, आणि त्यावर अपील करणारे शंभरात एकसुद्धा नव्हते. केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा हा अभ्यास. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. हक्क आहे, कायदा आहे, आणि नव्याण्णव माणसं गप्प बसतात. आजारातून उठलेला माणूस थकलेला असतो, आणि छापील नकार त्याला अखेरचा शब्द वाटतो. 4 डिसेंबर 2024 ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर युनायटेडहेल्थकेअर या विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्प्सन यांना गोळ्या घालून मारलं. काडतुसांवर 'डिले', 'डिनाय' (उशीर करा, नाकारा) असे शब्द लिहिलेले होते. त्यानंतर लोकांनी त्या खुनाबद्दल समाधान व्यक्त केलं ते वाचून मला भीती वाटली. एका माणसाचा जीव घेऊन कुणाच्याही आईचं बिल भरलं जात नाही. पण एवढा संताप साठेपर्यंत ऐकून घेणारं कोणीच समोर नव्हतं, हेही खरं आहे.

त्याच अमेरिकेत एक नियम आहे तो मला आपल्याकडे हवा आहे. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात क्लेम नाकारला गेला, तर अपील करणाऱ्याला कुठल्या वैद्यकीय तज्ज्ञाचा सल्ला घेतला हे विचारता येतं आणि ते सांगावं लागतं. शिवाय ज्याने पहिला नकार दिला तो माणूस किंवा त्याच्या हाताखालचा कोणी ते अपील ऐकू शकत नाही. आपल्याकडे तीन जणांची समिती आहेच. त्यातल्या डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, शाखा आणि त्याने लिहिलेल्या चार ओळी पत्राला जोडायला नवा कायदा लागत नाही. परिपत्रकात एक वाक्य वाढवलं तरी पुरे.

चुलतभावाचा यावरचा आक्षेप असा, की नावं बाहेर गेली तर डॉक्टरांना लोक फोन करून शिव्या देतील. शिव्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनाही बसतात, कधी मारही बसतो. त्यावर उपाय संरक्षण हा आहे, त्यांची नावं झाकणं नव्हे.

अंशतः कापाकापीचं प्रकरण वेगळंच, आणि त्यात बहुतेक वेळा कंपनी नियमाने वागत असते, हे सांगायला हवं. समजा, तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000. हॉस्पिटलात 5,000 ची खोली मिळाली, कारण त्या रात्री तीच रिकामी होती. आता फक्त वरचे 2,000 भरावे लागतील असं आपण समजतो. तसं नसतं. सर्जनची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे 60 टक्केच मिळतं. सर्जनचे एक लाख असतील तर चाळीस हजार आपले. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू या प्रमाणातून वगळलेले आहेत, पण डिस्चार्जच्या गडबडीत ते कोण बघतं? पॉलिसी विकणाऱ्याने हे एक उदाहरण घरी बसून समजावलं असतं, तर निम्मी भांडणं झालीच नसती.

मात्र सगळं खापर विमा कंपनीवर फोडून आरोग्यव्यवस्था सुधारेल असं मला वाटत नाही. मेडिक्लेम आपल्याकडे 1986 मध्ये सरकारी कंपन्यांनी आणला. त्याआधी चाळीस वर्षं, 1946 मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये. त्या दिशेने आपण किती गेलो? राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ म्हटलं. 2021-22 मध्ये, म्हणजे कोविडचा खर्च धरूनसुद्धा, तो 1.84 टक्के होता. त्या वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले 39 टक्क्यांहून जास्त पैसे लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. खाजगी दरांना लगाम नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मोतीबिंदूचं उदाहरण आलं. सरकारी रुग्णालयात एका डोळ्याला 10,000 पर्यंत, खाजगीत 30,000 ते 1,40,000. अशा दरांवर विमा उतरवायचा तर हप्ता चढणारच, आणि कंपनी प्रत्येक बिलाकडे संशयाने बघणारच.

या ओढाताणीत आत्यासारखी माणसं मधोमध अडकतात. गुजरातमध्ये आयुष्मान कार्डावर जुलै 2023 पासून कुटुंबाला दहा लाखांचं संरक्षण आहे, पण त्याला उत्पन्नाची अट. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचं आहे. आत्या 68 ची. नीती आयोगाने 2021 मध्ये अशा मधल्या माणसांची संख्या सुमारे 40 कोटी, लोकसंख्येच्या 30 टक्के, अशी मांडली होती. त्यांना विम्याशिवाय आधार नाही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला, त्याआधी जानेवारीत ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर नियामकाशी आधी बोलावं लागेल असं ठरलं. दोन्ही चांगलं झालं. पण हप्ता परवडला आणि ऐन वेळी क्लेम नाकारला गेला, तर त्या सवलतीचा उपयोग काय?

बडोद्याच्या सरकारी सयाजी हॉस्पिटलात आजही पहाटेपासून केसपेपरची रांग लागते. पंचमहाल, छोटा उदेपूर, अगदी मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून माणसं येतात. गर्दी आहे, खाटा कमी पडतात, आणि तरीही तिथे एक्स्क्लूजन कोड विचारून कोणी परत पाठवत नाही. खाजगी विम्यावर चर्चा करताना आपण मध्यमवर्गीय बडोदेकर हे हॉस्पिटल विसरतो. ते धडधाकट राहिलं, तिथे डॉक्टर आणि खाटा वाढल्या, तर खाजगी दरांवरही दाब येईल. मला हा सुधारणेचा सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो.

आत्याचं काय झालं ते सांगते. तिच्या डॉक्टरांनी दीड पानाचं पत्र लिहून दिलं. प्रत्येक रक्ततपासणीची वेळ, आलेला आकडा आणि त्यानंतर सलाइनचा वेग किती केला, असा तक्ता केस पेपरवरून काढून आम्ही जोडला. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाने पुन्हा '04' च लिहून पाठवलं. मग अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते, नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीची तारीख लागली आणि तिच्या आधीच कंपनीचा निरोप आला की फेरविचारात क्लेम मान्य केला आहे. हातमोजे वगैरे कापून पैसे जमा झाले. आत्याने त्यातून पहिला पुढच्या हप्त्याचा चेक लिहिला. आधी का नाकारला आणि आता का मान्य केला, दोन्ही निर्णय एकाच माणसाचे की वेगवेगळ्या, याचं उत्तर मी अजून मागते आहे.

तेव्हापासून ओळखीतले लोक फाइली घेऊन घरी येतात. सध्या माझ्या टेबलावर शियाबागेतल्या एका काकांची आहे. स्टेंट घातला, आणि पॉलिसी घेताना रक्तदाब सांगितला नव्हता म्हणून क्लेम नाकारला. त्यांच्या पॉलिसीला सलग सात वर्षं झाली आहेत. 2024 च्या नियमाप्रमाणे सलग 60 महिन्यांनंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पत्र गेलं आहे. त्यात समितीच्या बैठकीची तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही मागितला आहे. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर तीही फाइल अहमदाबादला जाईल.